घरच्या घरी : तापल्या पाण्याला जागा द्या

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या काटोलला थंडी दारात येऊन उभी राहते. बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागतात, सकाळच्या उन्हाला किंमत येते आणि उन्हाळ्यात ज्या गावात आंघोळ करता करताच घाम फुटतो, त्याच गावात नळाखाली हात धरवत नाही. २०१८ सालच्या डिसेंबरअखेर तर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आठवतं ना? अशा दिवसांत घराघरात पहिली हाक असते ती एकच : "पाणी तापलं का?"

आज या तापल्या पाण्याबद्दलच लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, हा विषय प्लंबरचा, आपल्या सदरात कशाला? मलाही गेल्या वर्षापर्यंत तसंच वाटत होतं. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची शिक्षा माझ्या सासूबाईंना भोगावी लागली. ती चूक तुमच्यापैकी कुणाच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या न्हाणीघरात २५ लिटरचा गिझर आहे. गच्चीवर टाकी, टाकीतून नळ, नळातून गिझर, सगळ्यांकडे असतं तसंच. पाच-सहा वर्षं कसली तक्रार नव्हती. मागच्या वर्षी वर दोन खोल्या चढवल्या. टाकी त्या खोल्यांच्या छताला अगदी लागून, त्यामुळे वरच्या नळाला करंगळीएवढी धार. मग ह्यांनी प्रेशर पंप बसवून घेतला. धार झकास यायला लागली, मुलं खूश, मीही खूश.

पण तेव्हापासून गिझरखालचा पितळी व्हॉल्व्ह ठिबकू लागला. बटण सुरू केलं की थोड्या वेळाने टप टप सुरू, पाणी तापून दिवा विझला की बंद. मी खाली एक मग ठेवला. सकाळच्या एका तापवणीत दोन कप चहाचं व्हावं इतकं पाणी त्यात साचायचं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ सोसलेल्या बाईला हे कसं बघवणार? शेजारच्या ताई म्हणाल्या, व्हॉल्व्ह बिघडला असेल. मी प्लंबरला बोलावलं.

त्याने पाहिलं आणि डोकं खाजवलं. "बाई, नवा टाकून पाहू. नाईतर बूच मारता येते, पन ते बराबर नाई जी."

आता त्याचं म्हणणं मी ऐकायला हवं होतं. पण महिनाअखेर होती, घरबांधणीत हात आखडला होता. मी म्हटलं, "भाऊ, तूर्त बूचच मारून द्या. नवा पुढच्या महिन्यात बघू." तो बिचारा बूच मारून गेला. ठिबकणं थांबलं. मला वाटलं, चला, पाणीही वाचलं आणि पैसेही.

पुढचे दोन-तीन आठवडे गिझरने मला परोपरीने सांगून पाहिलं, पण मला त्याची भाषा कळली नाही. सकाळी गरम पाण्याचा नळ उघडला की पहिल्यांदा एक जोराचा हिसका यायचा आणि मग धार नेहमीसारखी व्हायची. हात धुण्याच्या भांड्यावरचा चांगला नळ गळू लागला. गिझरला जोडलेला जो लवचीक कनेक्शन पाइप असतो ना, त्याच्या वरची जाळी एका जागी उसवल्यासारखी दिसत होती. पुसताना मी ती पाहिली होती. पाहिली आणि सोडून दिली.

संक्रांतीच्या आठवड्यात, हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी तो पाइप फुटला. सासूबाई आत आंघोळीला बसलेल्या. वय शहात्तर. एकदम फाट्‌कन आवाज झाला आणि पाठोपाठ त्यांची हाक. ह्यांनी धावत जाऊन गिझरचं बटण बंद केलं, मी त्यांना ओढूनच बाहेर आणलं. त्या पाटावर जरा तिरक्या बसल्या होत्या म्हणून चेहरा वाचला. डाव्या पायावर आणि पोटरीवर कढत पाणी पडलं. शेजारून कुणीतरी तूप घेऊन आलं, कुणी टूथपेस्ट लावा म्हणालं. शाळेत मुलांना प्रथमोपचार शिकवते म्हणून मला तेवढं सुचलं. काहीही न लावता नळाच्या गार पाण्याची धार पायावर वीस मिनिटं धरली, स्वच्छ धुवट कपडा सैलसा झाकला आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हेच बरोबर केलंत. तरीसुद्धा पुढे दोन महिने त्यांना त्या पायात चप्पल घालता आली नाही.

मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. हळदीकुंकवाच्या बायका परत पाठवल्या, त्याचंसुद्धा त्यांना वाईट वाटत होतं. पण पाय बरा होत आला तेव्हा एका दुपारी त्या सहज म्हणाल्या, "आपल्या बंबाले तोंड होतं वं. याचं तोंड तू बंद केलं."

मैत्रिणींनो, गिझरबद्दलचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. ते मला नंतर कळलं.

आमचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर आहे. सासूबाई घरात आल्या तेव्हापासून त्यावर पाणी तापायचं. मधल्या नळकांड्यात संत्र्याच्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या नाहीतर बागेतली वाळलेली सल घालायची, भोवती पाणी. पाणी कितीही खदखदलं तरी वाफ वरच्या उघड्या तोंडातून निघून जायची. पाणी उतू जायचं ते डोळ्यांसमोर जायचं. गिझर मात्र चहूबाजूंनी बंद. आत काय चाललं आहे ते दिसत नाही आणि पाण्याला हातपाय पसरायला जागा नाही.

हातपाय पसरायला म्हणजे काय, ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला समजावलं. मी बी. ए. ची, मला सोपं करून सांगावं लागतं! त्या म्हणाल्या, "घरी जाऊन एक पातेलं गार पाण्याने काठोकाठ भरा आणि मंद आचेवर ठेवा." तुम्हीही करून बघा. पाण्याला उकळी फुटायच्या कितीतरी आधी ते कडेवरून ओघळायला लागतं. पाणी तापलं की फुगतं. १५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं तर ते शेकडा दीड-पावणेदोनने वाढतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण २५ लिटरच्या गिझरात हे वाढलेलं पाणी होतं सुमारे ४०० मिलिलिटर. म्हणजे माझ्या मगातले ते दोन कप! व्हॉल्व्ह बिघडलेला नव्हताच. तो आपलं काम चोख करत होता.

बरं, हे जास्तीचं पाणी बाहेर आलं नाही तर काय? सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा दाबून धरा आणि दांडा ढकला. आत हवा असली तर दांडा थोडा तरी आत जातो, कारण हवा दबते. पंपात पाणी भरून तेच केलं तर दांडा जागचा हलत नाही. पाणी दबत नाही. म्हणून बंद टाकीत पाणी तापलं की सगळा जोर टाकीच्या पत्र्यावर, सांध्यांवर, पाइपांवर येतो आणि जे सगळ्यांत कच्चं असेल ते फुटतं. आमच्याकडे पाइप फुटला, हे एका परीने नशीबच. थर्मोस्टॅट अडकून पाणी तापतच राहिलं असतं आणि टाकी फुटली असती तर हा लेख लिहायला मी कुठल्या तोंडाने बसले असते?

हे ज्यांना खोटं वाटेल त्यांनी आपला प्रेशर कुकर आठवावा. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, कुकरात ते १२० अंशांच्या आसपास जातं. म्हणून तर डाळ लवकर शिजते. अशा पाण्यावरचा दाब एकदम सुटला तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या हजार-सोळाशे पट जागा लागते. कुकरची शिट्टी कुणी चिंधी बांधून बंद केली तर आपण त्या बाईला वेडी म्हणू. मी गिझरच्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं.

आता तुम्ही विचाराल, मग पंप बसवायच्या आधी तो व्हॉल्व्ह का ठिबकत नव्हता? हाच प्रश्न मी नव्या प्लंबरला विचारला. नुसती गच्चीवरची टाकी असते आणि मध्ये कुठे एकतर्फी झडप नसते, तेव्हा वाढलेलं पाणी आल्या वाटेने, गार पाण्याच्या नळातून हळूच मागे सरकतं आणि टाकीत जातं. कुणाला पत्ताही लागत नाही. आमच्या जुन्या व्हॉल्व्हमधली झडप झिजून निकामी झालेली होती, म्हणून पाणी मागे जात असे. पंप बसवताना नळात नवी एकतर्फी झडप बसली. पाणी पुढे जाईल, मागे येणार नाही. मागची वाट बंद झाली, म्हणून पाणी सुरक्षा व्हॉल्व्हमधून बाहेर पडू लागलं. मी ती दुसरी वाटही बंद केली. राहिली ती फुटण्याची वाट.

तर आपल्या घरी काय करायचं, ते आता क्रमाने सांगते. एका कागदावर उतरवून न्हाणीघराच्या दाराआड चिकटवलं तरी चालेल.

१. गिझर तापत असताना व्हॉल्व्ह थोडा ठिबकला तर घाबरू नका आणि बूच तर मुळीच मारू नका. तापणं संपल्यावर ठिबकणं थांबलं पाहिजे.

२. गिझर बंद असतानाही, दिवसरात्र ठिबकत असेल तर मात्र तो दोष. एकतर नळातला दाब फार आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये क्षार बसले आहेत. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच थर व्हॉल्व्हमध्येही बसतो. व्हॉल्व्ह बदलून घ्या. गिझरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

३. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावायची असेल तर ती उताराने मोरीकडे सोडा. टोक उघडं ठेवा. नळीला गाठ, टोपी, पिळा काही नको. ती वर वळवून खिडकीबाहेर काढू नका.

४. व्हॉल्व्हला छोटी दांडी असेल तर दिवाळीच्या साफसफाईला ती एकदा उचलून पाहा. पाणी आलं आणि दांडी सोडल्यावर थांबलं, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक. हे गिझर बंद आणि पाणी गार असताना करा.

५. थर्मोस्टॅटचा काटा ६० अंशांच्या वर नेऊ नका. ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, आणि म्हाताऱ्या माणसांची व लेकरांची कातडी तर आणखी नाजूक. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा आपल्या आयांचा नियम अजूनही खरा आहे.

६. गरम नळ उघडताना हिसका येणं, चांगले नळ अचानक गळू लागणं, कनेक्शन पाइप फुगणं किंवा त्याची जाळी उसवणं, ही सगळी दाब वाढल्याची लक्षणं. यातलं एक जरी दिसलं तरी आधी गिझर बंद, मग प्लंबर.

७. नवा गिझर घेताना आय. एस. आय. ची खूण पाहा आणि सोबतचा सुरक्षा व्हॉल्व्ह पेटीत आहे ना, ते दुकानातच मोजून घ्या. गिझर किती दाबाचा आहे ते त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पंप असलेल्या घरी आणि उंच इमारतीत ही पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब होतो साधारण एक बार.

हे सगळं ठीक, पण रोज दोन कप पाणी ठिबकणार, त्याला दुसरा उपाय नाही का? आहे, आणि तो मला कळला साता समुद्रापलीकडून.

माझी धाकटी नणंद इंग्लंडला असते. आईचा पाय भाजल्याचं कळल्यावर ती रोज फोन करायची. एकदा मी तिला सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या गिझरला एक्स्पान्शन टँक नाही का?" मी म्हटलं, "ते काय असतं बाई?"

तिकडे थंडी अशी की नुसतं आंघोळीचं पाणी तापवून भागत नाही. सबंध घरच गरम पाण्याने तापवतात. एका बॉयलरमध्ये पाणी तापतं, नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं, भिंतीलगतच्या लोखंडी रेडिएटरमधून ऊब देतं आणि निवून परत बॉयलरकडे येतं. तेच तेच पाणी फिरत राहतं. अशा घरात समजा १०० लिटर पाणी खेळत असलं आणि ते १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं, तर सव्वादोन लिटर पाणी वाढणार. ते जाईल कुठे? जुन्या घरांत त्यासाठी माळ्यावर एक छोटी उघडी टाकी असे, पाणी वाढलं की तिच्यात चढायचं, निवलं की खाली उतरायचं. म्हणजे आपल्या बंबाचंच तोंड, फक्त माळ्यावर नेलेलं! अलीकडच्या घरांत त्याऐवजी एक बंद पोलादी डबा असतो, बहुधा लाल रंगाचा. तोच हा एक्स्पान्शन टँक. गार असताना त्या नळ्यांतला दाब एक-दीड बार ठेवतात, आणि तो तीन बारवर गेलाच तर तिथेही सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे टँक असला तरी व्हॉल्व्ह असतोच, हे लक्षात ठेवा.

या डब्याची करामत साधी आहे. आत मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला हवा भरलेली, दुसऱ्या बाजूला पाण्याची वाट. पाणी फुगलं की ते पडद्याला ढकलतं, हवा दबते आणि पाण्याला जागा मिळते. पाणी निवलं की हवा पुन्हा पसरते आणि पाण्याला परत पाठवते. थेंबही वाया जात नाही, पाइपांवर ताण नाही. मघाच्या सायकलच्या पंपातली हवा आठवा, तीच इथे उशीचं काम करते.

आपल्याकडे घर तापवायची गरज नाही, पण ज्यांच्याकडे प्रेशर पंप आहे किंवा जे उंच इमारतीत राहतात, त्यांच्या गिझरलाही असा छोटा डबा बसवता येतो. आम्ही नागपूरहून आणवून बसवला. बसवताना मी प्लंबरजवळ पाटच मांडून बसले होते! त्यातून जे शिकले ते असं :

आकार : २५ लिटरच्या गिझराला वाढीव पाणी ४०० मिलिलिटर. डब्यात निम्मी तरी जागा हवेला राहायला हवी, म्हणून दोन लिटरचा डबा पुरतो. १०० लिटरचा गिझर असेल तर पाच लिटरचा घ्यावा. थोडा मोठा चालेल, लहान चालणार नाही.

जागा : डबा गार पाण्याच्या नळावर बसवायचा, म्हणजे रबराला कढत पाणी लागत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तो एकतर्फी झडप आणि गिझर यांच्या मध्येच हवा. झडपेच्या अलीकडे बसवला तर गिझरमधलं पाणी त्याच्यापर्यंत पोचणारच नाही आणि डबा शोभेचा होईल. पुष्कळ गिझरांच्या सुरक्षा व्हॉल्व्हमध्येच ही झडप असते आणि व्हॉल्व्ह थेट गिझरच्या तोंडाला आवळलेला असतो. मग मध्ये पितळी टी बसवून वाट काढावी लागते. आमच्या प्लंबरने आधी तो अलीकडेच लावायला घेतला होता. मी विचारलं, "भाऊ, झडप कुठं हाय?" तो हसला आणि सोडून पुन्हा लावला.

कॉक नको : डबा आणि गिझर यांच्या मध्ये बंद करायचा कॉक ठेवू नका. कुणाच्या तरी हाताने तो कधीतरी बंद होतोच. सुरक्षा व्हॉल्व्हच्या वाटेतही कॉक नको.

हवा : डब्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबसारखा वाल असतो. डबा पाण्याला जोडण्यापूर्वी त्यातल्या हवेचा दाब आपल्या नळाच्या दाबाइतका करून घ्यायचा. आमचा पंप दोन बारचा, म्हणजे २९ पौंड. स्कूटरच्या मागच्या चाकात भरतात साधारण तितकीच हवा. ती चाकाच्याच मीटरने मोजता येते.

आधार : डब्यात पाणी गेलं की वजन वाढतं. त्याला भिंतीत पट्टी ठोकून आधार द्या, नळावर लोंबकळत ठेवू नका.

सुरुवात : सगळं जोडून झालं की गरम नळ उघडा, फुरफुर थांबून अखंड धार लागली म्हणजे गिझर भरला. त्यानंतरच बटण दाबा. गिझर रिकामा असताना बटण दाबलं तर कॉइल जळते.

देखभाल : वर्षातून एकदा नळ बंद करून, पाण्याचा दाब सोडून, डब्याची हवा मोजायची. वालची सुई दाबली आणि हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटला असं समजावं आणि डबा बदलावा.

डबा बसवल्यापासून आमचा व्हॉल्व्ह ठिबकत नाही. पण तो जागेवर आहे, नवा आहे, आणि त्याचं तोंड उघडं आहे.

आता या विषयावर आलेली दोन पत्रं.

वरुडच्या एक भगिनी विचारतात : "आमच्याकडे पंप नाही, गच्चीवरची टाकी आहे. हा डबा घ्यावा का?"

ताई, तुमच्या नळात एकतर्फी झडप नसेल तर उगाच खर्च करू नका. तुमचं वाढीव पाणी आपोआप टाकीत जातं. आणि व्हॉल्व्हमध्ये झडप असून तापताना चार थेंब पडत असतील तर खाली मग ठेवा. सुरक्षा व्हॉल्व्ह मात्र हवाच. पुढेमागे पंप बसवलात तर हा लेख पुन्हा काढून वाचा.

नरखेडहून एका भगिनीने लिहिलं आहे : "आमच्याकडे सौर बंब आहे. त्याच्या टाकीवर एक उभी नळी आहे, तिच्यातून कधीकधी वाफ येते. पाखरं घरटं करतील म्हणून तिला टोपी लावू का?"

नका हो, अजिबात नका! ती नळी म्हणजेच तुमच्या सौर टाकीचं तोंड. २०० लिटरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं तर पाच लिटरहून जास्त वाढतं आणि उन्हाला काही बटण नाही की बंद करावं. पाखरांची भीती वाटत असेल तर नळीचं तोंड काठीच्या मुठीसारखं खाली वळवून घ्या, पण उघडं ठेवा. ती नळी गार पाण्याच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवी, नाहीतर तिच्यातून पाणी वाहत राहील. आणि आणखी एक, अशा उघड्या नळीच्या सौर टाकीला प्रेशर पंपाचं पाणी थेट जोडू नका. ती टाकी दाबासाठी बनवलेलीच नसते. पंप लावायचा असेल तर दाबाची वेगळी टाकी मिळते, ती घ्यावी लागते.

शेवटी एकच सांगते. घरातल्या वस्तूंची दुरुस्ती हे पुरुषांचं नाहीतर प्लंबरचं काम, असं आपण धरून चालतो. पण न्हाणीघरात रोज पाणी काढून देतो आपण, ठिबक आधी दिसते आपल्याला, आणि 'तूर्त असू द्या' असं म्हणतोही आपणच. त्या प्लंबरने मला बूच बरोबर नाही म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी तो भेटला तेव्हा मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुमचं खरं होतं." तो संकोचून म्हणाला, "मीच नाई मनाले पाह्यजे होतं, बाई."

सासूबाईंचा पाय आता बरा आहे. डाग राहिला, तो त्या नऊवारीखाली झाकून ठेवतात. परवा थंडी सुरू झाली तशी मी त्यांना बादलीत पाणी काढून दिलं. आत जाण्याआधी त्या गिझरपाशी थांबल्या, वाकून त्या पितळी व्हॉल्व्हचं तोंड बोटाने चाचपलं, उघडं आहे याची खात्री करून घेतली आणि मगच पाटावर बसल्या. आता रोज तसंच करतात. मी काही बोलत नाही. त्यांच्यानंतर मीही चाचपून बघते.

पुढच्या अंकात लोकरी कपड्यांची धुलाई आणि घडी. तुमची पत्रं जरूर पाठवा.